जे अजून कुणीच ऐकलं नाही

जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात, ब्लॅक फॉरेस्टच्या पूर्वेला, डोनाउएशिंगेन नावाचं एक छोटं गाव आहे. वस्ती बावीस हजारांच्या आसपास. ब्रिगाख आणि ब्रेग या दोन छोट्या नद्या इथे मिळतात आणि त्या संगमापासून नदीचं नाव डॅन्यूब होतं. पुढे दहा देश ओलांडून ती काळ्या समुद्राला जाते. गावात फ्युर्स्टनबेर्ग घराण्याचा राजवाडा आहे, राजवाड्याशेजारी डॅन्यूबचा उगम म्हणून दगडी कठड्याने बांधून काढलेलं गोल कुंड आहे, आणि त्याच घराण्याच्या नावाची बिअर आहे. एरवी पर्यटकाने अर्ध्या दिवसात पाहून पुढे जावं असंच हे गाव. पण दर ऑक्टोबरमध्ये एका आठवड्याच्या अखेरीला इथे हॉटेलात खोली मिळणं अवघड होतं. देशोदेशीचे रचनाकार, वादक, समीक्षक, संगीताचे विद्यार्थी आणि कान उघडे ठेवून आलेले सामान्य श्रोते जमतात. त्यांच्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेवरची बहुतेक नावं अशा रचनांची असतात, ज्या त्या दिवसापर्यंत जगात कुठेही वाजलेल्या नाहीत.

हा डोनाउएशिंगेनचा संगीतमहोत्सव. 1921 साली सुरू झाला. नव्या संगीतासाठीच भरणाऱ्या महोत्सवांमध्ये जगातला सर्वांत जुना म्हणून तो ओळखला जातो.

इथल्या श्रोत्यांपुढे काय वाढून ठेवलेलं असतं, याचा नीट विचार केला की थक्क व्हायला होतं. आपल्या मैफलीत मिळणारा आनंद बराचसा ओळखीचा असतो. यमन सुरू झाला की तीव्र मध्यमाची वाट पाहिली जाते. तिहाई कुठे जाऊन पडणार हे ठाऊक असतं, म्हणूनच ती समेवर आली की सभागृहातून एकदम दाद जाते. गायक आपल्याला चकवतो तेव्हाही मजा येते, कारण चकायला आधी काहीतरी अपेक्षा बांधलेली असावी लागते. युरोपातही असंच आहे. बेथोवनची पाचवी सिंफनी ऐकायला जाणाऱ्याला पुढचं वळण पाठ असतं. ऐकणं म्हणजे मोठ्या प्रमाणात पुढचं ओळखत राहणं. डोनाउएशिंगेनमध्ये श्रोत्याच्या हातून हे साधनच काढून घेतलेलं असतं. राग नाही, ओळखीचा ताल नाही, गुणगुणता येईल अशी चाल बहुधा नाही. मग कान काय करतो? आजवर ज्याकडे लक्ष द्यायची गरजच पडली नव्हती ते ऐकू लागतो. आवाजाची जाडी, त्याचा पोत, तो जवळचा की लांबचा, सूर सुरू होताना त्याला टोक होतं की तो नकळत आत शिरला.

गावाला संगीताची सवय जुनीच. दहा वर्षांचा मोझार्ट 1766 साली आई-वडील आणि बहिणीबरोबर युरोपच्या दौऱ्यावरून परतताना इथल्या दरबारात वाजवून गेला होता. पहिल्या महायुद्धानंतर राजेपण उरलं नव्हतं, पण फ्युर्स्टनबेर्ग घराण्याकडे पैसा होता आणि राजवाड्यात हाइनरिश बुर्कार्ड नावाचा जाणकार संगीतप्रमुख होता. मॅक्स एगॉन दुसरे यांच्या आश्रयाखाली, तरुण आणि अप्रसिद्ध रचनाकारांना संधी मिळावी म्हणून त्यांच्या चेंबर संगीताचे कार्यक्रम ठरले. पॉल हिंडेमिट हा पंचविशीतला रचनाकार तेव्हा फ्रँकफर्टच्या ऑपेराच्या वाद्यवृंदात नोकरी करत होता. त्याची स्ट्रिंग क्वार्टेट निवडली गेली, पण ज्या वादकांकडे ती सोपवली होती त्यांनी ती वाजवायला नकार दिला. हिंडेमिटने स्वतः व्हिओला हातात घेतला, धाकट्या भावाला चेलोवर बसवलं, लिको आमार हा व्हायोलिनवादक मिळवला आणि चौकडी उभी करून आपली रचना वाजवली. त्या एका कार्यक्रमाने त्याचं नाव जर्मनीभर झालं, आणि तात्पुरती जमलेली ही चौकडी पुढे अनेक वर्षं युरोपभर नवं संगीत वाजवत फिरली.

1926 साली इथे यंत्रांसाठी लिहिलेलं संगीत वाजलं. कागदी पट्टीवर भोकं पाडून स्वयंचलित पियानोला माणसाच्या दहा बोटांना न झेपणारी गती देता येते, हे रचनाकारांना मोहात पाडत होतं. पुढच्या वर्षी महोत्सव बाडेन-बाडेनला गेला. त्यानंतर नाझी आले आणि ज्या संगीतासाठी हे सगळं चाललं होतं त्याला जर्मनीत जागाच उरली नाही. हिंडेमिटनेही 1938 मध्ये देश सोडला.

महोत्सवाचा दुसरा जन्म 1950 चा, आणि तो रेडिओच्या पोटी झाला. बाडेन-बाडेनमध्ये युद्धानंतर नवं आकाशवाणी केंद्र उभं राहिलं होतं. त्याचा स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद होता, हान्स रोसबाउड हा विलक्षण तयारीचा कंडक्टर होता, आणि संगीत विभागाच्या प्रमुखपदी हाइनरिश श्ट्रोबेल होता, ज्याला नवं काही ऐकायची भूक कधी पुरत नसे. वर्षाला एकदा हा सगळा फौजफाटा डोनाउएशिंगेनला न्यायचा, असं ठरलं. माझ्या मते या महोत्सवाचं खरं रहस्य इथे आहे. नवी रचना कागदावर कितीही धाडसी असली तरी ती पहिल्यांदा वाजवायला शंभराच्या घरात माणसं लागतात, त्यांना पगार लागतो, आणि अनोळखी खुणांनी भरलेले कागद समजून घ्यायला तालमींचे तास लागतात. ते तास रेडिओने दिले.

त्या तासांचं काय झालं, याची दोन उदाहरणं जरा जवळून पाहावी अशी आहेत.

पहिलं 16 ऑक्टोबर 1955 चं. यानिस झेनाकिस हा मूळचा ग्रीक. युद्धाच्या अखेरीला अथेन्सच्या रस्त्यांवरच्या लढाईत रणगाड्याच्या गोळ्याने त्याचा चेहरा फाटला, डावा डोळा गेला. देश सोडून तो पॅरिसला पोहोचला आणि ल कॉर्बुझिए या वास्तुविशारदाच्या कार्यालयात अभियंता म्हणून लागला. चंदीगडच्या शासकीय इमारतींच्या आराखड्यांवरही त्याने तिथे काम केलं. दिवसा काँक्रीटचं गणित, रात्री संगीत. त्याची 'मेटास्टासीस' ही रचना रोसबाउडने सादर केली. 61 वादकांपैकी 46 जण तंतुवाद्यांवर. सुरुवातीला हे सगळे एकाच सुरावर, एका जी या स्वरावर, स्थिर उभे असतात. मग प्रत्येक जण तिथून सरकू लागतो. आपण याला मींड म्हणू. बोट तारेवरून न उचलता एका सुरापासून दुसऱ्यापर्यंत अखंड घसरत जायचं. फरक इतकाच की इथे प्रत्येकाचा मुक्काम वेगळा आणि वेगही वेगळा. कुणी वर चढतो, कुणी खाली उतरतो, आणि एक रेषा पंख्यासारखी उलगडत जाऊन 46 वेगळ्या सुरांची भिंत तयार होते.

झेनाकिसने हे आधी आलेख कागदावर काढलं होतं. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर सुराची उंची. प्रत्येक मींड म्हणजे एक सरळ रेषा. पण पुष्कळ सरळ रेषा थोड्या थोड्या कोनाने एकमेकींशेजारी ठेवल्या की त्यांच्यातून वक्र पृष्ठभाग दिसू लागतो. तीन वर्षांनी, 1958 च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात फिलिप्स कंपनीचा मंडप उभारायचा होता तेव्हा झेनाकिसने तीच कल्पना काँक्रीटमध्ये आणली. वळणदार, टोकदार, आकाशात झेपावणारा तो मंडप आणि 'मेटास्टासीस'ची पहिली मिनिटं ही एकाच हाताने, एकाच भूमितीतून काढलेली आहेत. 1955 च्या श्रोत्यांना अर्थातच मंडप दिसत नव्हता. त्यांच्यात मोठी खळबळ उडाली.

दुसरं उदाहरण 22 ऑक्टोबर 1961 चं, आणि मला ते त्याहूनही आश्चर्याचं वाटतं.

ग्यॉर्ग लिगेती हा ट्रान्सिल्व्हेनियातला, हंगेरियन भाषक ज्यू. वडील आणि धाकटा भाऊ नाझींच्या छळछावण्यांत गेले. 1956 मध्ये सोव्हिएत रणगाड्यांनी बुडापेस्टमधला उठाव चिरडला, तेव्हा डिसेंबरात तो सीमेपार पळाला. तिथून तो कोलोनच्या आकाशवाणीच्या इलेक्ट्रॉनिक स्टुडिओत पोहोचला. तिथे ध्वनिफितीचे तुकडे कापून, जोडून, एकमेकांवर चढवून संगीत बनवायचे प्रयोग चालू होते. त्या कामातून त्याला एक गोष्ट समजली. दोन आवाजांमधलं अंतर सेकंदाच्या साधारण विसाव्या भागापेक्षा कमी झालं की कानाला ते दोन वेगळे आवाज म्हणून कळत नाहीत. त्यांचा क्रम हरवतो. उरते ती एक नवीच गुणवत्ता, जणू आवाजाचा रंग बदलला.

लिगेतीला प्रश्न पडला, हे यंत्राशिवाय, जिवंत वादकांकडून घडवता येईल का? एक वादक सेकंदाला वीस सूर स्वच्छ वाजवू शकणार नाही. पण पुष्कळ वादकांनी थोडे थोडे वेगळे सूर थोड्या थोड्या वेगळ्या वेळी वाजवले, तर सगळे मिळून ती मर्यादा सहज ओलांडतील. त्याची 'आत्मोस्फेर' ही जेमतेम नऊ मिनिटांची रचना याच विचारातून लिहिलेली आहे. तालवाद्य एकही नाही. 56 तंतुवादक आहेत आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र ओळ लिहिली आहे. एरवी वाद्यवृंदातले चौदा व्हायोलिनवादक एकच कागद पाहून एकच गोष्ट वाजवतात. इथे शेजाऱ्याचा आधार कुणालाच नाही.

पहिल्याच क्षणी पाच सप्तकांहून मोठ्या पट्ट्यातले जवळजवळ सगळे सूर एकत्र, अगदी हळू सुरू होतात. पियानोच्या पाच सप्तकांवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या एकदम दाबल्या तर कसा गोंगाट होईल, तसं काही तरी ऐकू येईल अशी धास्ती वाटते. पण तसं होत नाही. कानाच्या आत, शंखाकृती नळीतल्या पडद्यावर, जवळजवळच्या कंपनसंख्यांचे सूर एकमेकांवर पसरणाऱ्या जागा हलवतात. दोन सूर फार जवळ आले की कान त्यांना वेगळं काढू शकत नाही, आणि इथे तर सगळेच एकमेकांना खेटून उभे आहेत. त्यामुळे सूर असा ऐकूच येत नाही. ऐकू येतो तो एक अधांतरी पदार्थ, ज्याला जाडी आहे, उजेड आहे, पण कडा नाहीत. जवारी उत्तम लागलेल्या तंबोऱ्याच्या षड्जातून गंधार ऐकू येतो, जो कुठल्याही तारेवर लावलेला नसतो, हे ज्याने अनुभवलं आहे त्याला यातलं मर्म लवकर उमगेल. छेडलेल्या तारा आणि कानावर पडलेलं संगीत यांची बेरीज जुळत नाही.

मग या पदार्थात हालचाल सुरू होते. एका ठिकाणी आवाज हळूहळू वर सरकत जातो, आणि शेवटी चार पिकोलो, म्हणजे सर्वांत लहान बासऱ्या, इतक्या वरच्या टिपेला पोहोचतात की ऐकणाऱ्याचे दात शिवशिवतात. आणि त्याच क्षणी त्या तुटतात. त्यांच्या जागी आठ डबल बास अगदी तळातून सुरू होतात. मधे काहीच नाही, पूल नाही, पायरी नाही. पायाखालची जमीन गेल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा ऐकणारा इथे दचकतो, आणि दहाव्यांदा ऐकणाराही दचकतो, असा माझा अनुभव आहे.

त्यानंतरचा भाग तर कागदावर पाहिला तरी नवल वाटतं. व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो मिळून 48 वादक कॅनन वाजवतात. कॅनन म्हणजे एकाने सुरू केलेली ओळ दुसऱ्याने मागून उचलायची, तिसऱ्याने त्याच्याही मागून. ही युरोपची शतकानुशतकांची जुनी, कडक शिस्तीची विद्या. बाखच्या हातात तिचे प्रवाह वेगळे ऐकू येत. लिगेतीने ती इतकी दाट विणली की एकही ओळ कानाला वेगळी सापडत नाही. फक्त आतून काहीतरी सतत हलतं आहे एवढंच कळतं. लिगेतीने लहानपणच्या एका स्वप्नाबद्दल लिहून ठेवलं आहे. सगळी खोली बारीक, गुंतागुंतीच्या जाळ्याने भरलेली, त्यात किडे अडकलेले, आणि एखादा किडा धडपडला की अख्खं जाळं थरथरतं, त्याची रचना कायमची बदलते. पलंगापर्यंत त्याला पोहोचता येत नसे. हे स्वप्न त्याने स्वतःच आपल्या संगीताशी जोडलं आहे. रचनेच्या अखेरीकडे पितळी वाद्यांतून सूर न काढता नुसती हवा फुंकली जाते, आणि दोन वादक पियानोच्या आतल्या तारांवरून ब्रश फिरवतात.

त्या दिवशी डोनाउएशिंगेनच्या श्रोत्यांनी ही रचना लगेच पुन्हा वाजवायला लावली. ज्याला चाल नाही, ताल नाही, आरंभ-मध्य-शेवटाच्या खुणा नाहीत, अशा संगीताला वन्समोअर! सात वर्षांनी स्टॅनली कुब्रिकने ते रचनाकाराची परवानगी न घेता आपल्या '2001: अ स्पेस ओडिसी' या चित्रपटात घातलं, आणि डोनाउएशिंगेनचं नावही न ऐकलेल्या कोट्यवधी माणसांच्या मनात अंतराळाचा आवाज म्हणून ते जाऊन बसलं.

सगळंच असं सुखाने पार पडलं नाही. 1951 मध्ये पिएर बुलेझ या रचनाकाराच्या 'पॉलिफोनी एक्स'वर शिट्ट्या आणि आरडाओरडा झाला, आणि त्याने ती रचना मागेच घेतली. पण तो याच महोत्सवात पुन्हा पुन्हा येत राहिला. 1981 मध्ये त्याचं 'रेपाँ' इथे पहिल्यांदा वाजलं. मध्यभागी 24 वादक, त्यांच्याभोवती श्रोते, आणि श्रोत्यांच्याही पाठीमागे सहा एकल वादक: दोन पियानो, हार्प, सिंबालोम, व्हायब्राफोन, झायलोफोन. सुरुवातीला बराच वेळ फक्त मधले वादक वाजवतात. मग कडेचे सहाजण एकदम सुरावटी सोडतात आणि त्या जागच्या जागी संगणकात शिरून, रूप पालटून, ध्वनिक्षेपकांमधून सभागृहात गोल फिरतात. 1981 मध्ये हे करण्यासाठी पॅरिसच्या संशोधन केंद्रात खास यंत्र बांधावं लागलं होतं.

इसांग युन यांच्याबद्दलही सांगायला हवं, कारण आशियातल्या माणसाने या मंचावर काय आणलं ते आपल्या कानाला जवळचं आहे. कोरियात जन्मलेले युन बर्लिनला स्थायिक झाले होते. त्यांचा आग्रह असा, की युरोपच्या संगीतात एकटा सूर मुका असतो, दुसऱ्या सुरांशी नातं जुळल्यावर त्याला अर्थ येतो; पूर्व आशियात मात्र एक सूर कुंचल्याच्या फटकाऱ्यासारखा स्वतःच जिवंत असतो, थरथरतो, जाड-बारीक होतो, वळतो. एका षड्जावर तासन्‌तास मेहनत करणाऱ्या परंपरेतल्या कुणाला हे समजावून सांगावं लागत नाही. युन यांचं 'रेआक' 1966 मध्ये डोनाउएशिंगेनमध्ये सादर झालं आणि जर्मनीभर त्यांची चर्चा झाली. पुढच्याच वर्षी दक्षिण कोरियाच्या गुप्तहेरांनी त्यांना पळवून सोलला नेलं, हेरगिरीचा आरोप ठेवून जन्मठेप सुनावली. स्ट्राविन्स्की, कारायान आणि लिगेतीसह अनेक संगीतकारांनी निषेधपत्रावर सह्या केल्या आणि 1969 मध्ये ते सुटले. 1980 मध्ये त्यांच्याच देशातून आलेल्या यंगही पाक-पान या रचनाकार स्त्रीची 'सोरी' ही रचना इथे वाजली. दीर्घकाळ हा मंच बहुतांशी युरोपीय पुरुषांचाच राहिला, ही त्याची मोठी उणीव. अलीकडच्या वर्षांत चित्र बदलतं आहे, पण आधीची कित्येक दशकं त्याने भरून येत नाहीत.

आजच्या महोत्सवात कार्यक्रम गावाच्या सभागृहातच नव्हे तर शाळांच्या आणि खेळांच्या हॉलमध्येही होतात. कुठे ध्वनिशिल्पं मांडलेली असतात, ज्यांच्याभोवती फिरून ऐकायचं. एक प्रथा मला फार आवडते. 2005 पासून आकाशवाणीच्या वाद्यवृंदातले वादक स्वतः एका रचनेला पारितोषिक देतात. दिवसभर तालमी करून ज्यांची बोटं दुखतात, ज्यांना कागदावरची चूक आणि कागदावरची प्रतिभा हाताने कळते, त्यांचा हा कौल.

या वाद्यवृंदावरच 2012 मध्ये संकट आलं. खर्च कमी करण्यासाठी तो स्टुटगार्टच्या वाद्यवृंदात विलीन करायचं ठरलं. त्या वर्षीच्या महोत्सवात योहानेस क्रायडलर हा रचनाकार मंचावर चढला, एक व्हायोलिन आणि एक चेलो तारांनी एकत्र बांधली आणि सगळ्यांसमोर मोडून टाकली. विरोध मोठा झाला, तरी 2016 मध्ये विलीनीकरण झालंच. महोत्सव टिकला. जर्मनीत प्रत्येक घर सार्वजनिक प्रसारणासाठी दरमहा वर्गणी भरतं, 2021 पासून ती 18.36 युरो आहे. फुटबॉल आणि बातम्या पाहणाऱ्या, लिगेतीचं नाव न ऐकलेल्या माणसाच्या वर्गणीतलाही थोडा वाटा या अनोळखी सुरांसाठी जातो. समाजाने ही सोय इतकी वर्षं राखली, हे मला त्या संगीताइतकंच अचंब्याचं वाटतं.

एक दुखणं मात्र कायम आहे. पहिल्या सादरीकरणाचा मान सगळ्यांना हवा असतो, दुसऱ्याचा कुणालाच नको असतो. कित्येक रचना त्या ऑक्टोबरात एकदा वाजतात आणि नंतर कपाटात जातात. खरं तर नव्या संगीताला दुसऱ्या ऐकण्याचीच जास्त गरज असते, कारण पहिल्यांदा कान फक्त वाट शोधत असतो.

इथे जायला जमणार नसेल तरी ऐकायला हरकत नाही. कार्यक्रम रेडिओवरून प्रसारित होतात आणि जुन्या गाजलेल्या रचनांची ध्वनिमुद्रणं सहज सापडतात. आधी 'आत्मोस्फेर' घ्यावं, चांगल्या हेडफोनवर, कारण मोबाईलच्या स्पीकरमधून डबल बास पोहोचतच नाहीत. संपलं की तेच पुन्हा लावावं. मग 'मेटास्टासीस', मग 'रेआक'. 'रेपाँ' मात्र शेवटी, आणि ते अर्धंच ऐकलं असं समजून. ते वाद्यांच्या गराड्यात बसून ऐकण्यासाठी लिहिलेलं आहे, आणि पाठीमागून येणारा हार्प दोन स्पीकरमध्ये मावत नाही.